अपा म्हणायचं कुणाला

बुरुलकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते माझ्याच चुकीमुळे.

सप्टेंबरची पहिली तारीख होती. नारिन शहरातून बदली होऊन मी कोच्कोरजवळच्या या डोंगरातल्या गावात नुकतीच आले होते. वय सव्वीस. पहिलीचा वर्ग माझ्याकडे दिला होता आणि एकेका मुलाला उभं करून मी हजेरीपुस्तकात आईवडिलांची नावं लिहून घेत होते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. केसांत पांढऱ्या फितीचं भलंमोठं फूल. खणखणीत आवाजात म्हणाली, "अपाचं नाव बात्मा."

अपा म्हणजे आई. माझ्या पुढ्यात तिचा जन्मदाखला होता आणि त्यावर आईचं नाव सायकाल होतं. मी सहज म्हटलं, "बात्मा तुझी आजी असेल गं. तुझी आई सायकाल. हे बघ, इथं लिहिलंय."

वर्ग एकदम गप्प झाला. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या ओटीत घालायची आमच्याकडची रीत. ते मूल त्यांचंच म्हणून वाढतं. आजीला अपा म्हणतं, आणि जिनं जन्म दिला तिला जेंगे, म्हणजे वहिनी. हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, अगदी बाकावरच्या सोबत्यांनासुद्धा. त्या मुलापुढं मात्र कुणी बोलत नाही. मी काही परकी नव्हते, मला हे कळायला हवं होतं. पण हातात दाखला होता आणि मला अचूकपणाची हौस होती.

बुरुल रडली नाही. खाली बसली आणि तिनं केसांतलं फूल सोडवून दप्तरात ठेवलं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या मागोमाग गेले. माफी मागावी असं मनात होतं, पण सात वर्षांच्या मुलीची माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं. ती घरी न जाता तीन घरं पुढं गेली. तिथं सायकाल दोरीवर कपडे वाळत घालत होती. रोजचीच बाई, रोजचंच कुंपण. बुरुल कुंपणाशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. सायकालनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला.

"काय गं?" सायकालनं विचारलं.

"जेंगे," बुरुल म्हणाली, "अपानं चाळणी मागितलीय."

कुणीही चाळणी मागितली नव्हती. सायकालनं आतून चाळणी आणून दिली आणि ती घेऊन बुरुल बात्माच्या घरी गेली. त्यानंतर हा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. पण त्या दिवसापासून ती माझी झाली, म्हणजे शिक्षकाचं एखादं मूल असतं तशी.

पुढं ती आमच्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागली. बाविसाव्या वर्षी तिला राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला जागा मिळाली होती, पण त्याच शरद ऋतूत मेदेरबेकशी लग्न झालं आणि ते राहून गेलं. मुलं झाली. नाझिक, तिच्या पाठीवर बेकतुर, आणि बऱ्याच वर्षांनी संजार. चौतिसाव्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला आणि तिला पुन्हा जागा मिळाली. शिक्षकांसाठी उन्हाळी सत्रं होती. दहा जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत वर्ग आणि परीक्षा, मग हिवाळ्यात थोडे दिवस, असं दोन वर्षं. डोंगरातल्या झऱ्यांच्या पाण्यात कोणकोणते क्षार असतात हा तिचा विषय.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुणालाच फुरसत नसते. मेदेरबेक गावाची मेंढरं घेऊन खिंडीपलीकडे सोंगकुल तळ्याकाठच्या कुरणावर जातो. त्याची आई कान्यमबुबू त्याच्याबरोबर तंबूत राहते, घोड्या पिळते, ते दूध आंबवून कुमीस करते, लोणी काढते. खाली गावात बटाटे, गाय, गवताची कापणी आणि पाटाच्या पाण्याची पाळी. हे सगळं एरवी बुरुल बघायची. आता ती निघाली म्हटल्यावर वाटणी झाली. नाझिक अकरा वर्षांची आणि बेकतुर आठ वर्षांचा, ती दोघं माझ्या घरी झोपतील, दिवसा आपलं घर-शेत सांभाळतील आणि मी लक्ष ठेवीन. संजार दोन वर्षांचा, नुकताच अंगावरचं दूध सुटलेला. विद्यापीठाच्या वसतिगृहात मूल चालत नव्हतं.

"त्यालाही ठेवते की माझ्याकडे," मी म्हटलं.

कान्यमबुबू सामान बांधत होती. हसून म्हणाली, "एजे, तुम्ही त्याला दूध काय पुस्तकातून पाजणार? तो माझ्याबरोबर येतोय वर. तिथं हवा आहे, कुमीस आहे." गावात मला सगळे एजे म्हणतात, म्हणजे ताई, शाळेच्या बाईंनाही हाच शब्द. मला मूलबाळ नाही, त्यामुळे टोमणा लागला, पण तो झोंबावा म्हणून मारलेला नव्हता.

मग तिनं संजारला उचलून कडेवर घेतलं आणि सुनेकडे बघून म्हणाली, "तू जा आपली शिकायला. तू शहराची झालीस, आता हा माझा."

सगळे हसले. मेदेरबेक हसला, मालमोटारीवर तंबूच्या काठ्या चढवणारे शेजारी हसले. बुरुलही हसली. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, की ती हसताना तिचा हात पोराच्या पायावर होता आणि तो तिनं घट्ट धरला होता.

कान्यमबुबूबद्दल गैरसमज नको. नाझिक झाली तेव्हा तिचंच धाकटं लेकरू शाळेत होतं, म्हणून तिनं नातवंड मागितलं नव्हतं. आता धाकट्याची नोकरी रशियात, आणि त्याच जानेवारीत तिचा नवरा गेला होता. चाळीस वर्षं ज्याला उठता-बसता बोलायची तो नाही म्हटल्यावर ती तंबूत कुणाशी बोलणार होती? हे मला समजत होतं. तरी मला भीती वाटत होती, कारण आमच्याकडे मूल असंच थट्टेत मागतात. समोरची हसली की झालं.

कुरणावर फोनला रेंज येत नाही. दर शुक्रवारी दुपारी मेदेरबेक संजारला पुढ्यात बसवून घोड्यावरून एका टेकाडावर जायचा आणि तिथून बुरुलला फोन लावायचा. तो झाला की बुरुल मला फोन करायची. गाय, बटाटे, नाझिकचा खोकला असं सगळं विचारून झालं की शेवटी संजारचं सांगायची.

पहिल्या शुक्रवारी म्हणाली, "खूप रडला हो, एजे. अपा, अपा करून फोनच चावायला लागला." ती स्वतःही रडली होती, पण आवाज बरा होता.

तिसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "आज काही बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता."

पाचव्या शुक्रवारचा फोन उशिरा आला. मी बेकतुरला पाटाच्या फळीवर उभं करून पाणी वळवत होते. "एजे, आज त्यानं अपा म्हणून हाक मारली."

"बघ, मी म्हणत नव्हते?"

"मला नाही मारली. अपाही आज टेकाडावर आल्या होत्या. फोन त्याच्या कानाला, आणि तो त्यांना म्हणत होता, अपा, चल, अपा, घोडा."

मी तिची समजूत घातली. मेदेरबेक आईला अपा म्हणतो. बुरुल स्वतःही सासूला अपाच म्हणते, सगळ्या सुना म्हणतात. तंबूत दिवसभर तोच शब्द कानावर पडत असेल तर पोर तोच उचलणार. नाझिक, बेकतुर तिला चोंग अपा म्हणतात, थोरली आई, पण ती दोघं तर खाली होती. बोलता बोलता माझं मलाच पटलं.

"मीही अशीच शिकले असेन," बुरुल म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

नवव्या शुक्रवारी मेदेरबेकनं गंमत म्हणून सांगितलं, "अगं, आज विचारलं त्याला, बुरुल कोण? तर म्हणतो कसा, बुरुल जेंगे! आम्ही इतके हसलो, अपाच्या तर डोळ्यांत पाणी आलं." हे मला सांगताना बुरुलचा आवाज इतका सपाट होता की मी फोन कानापासून दूर धरला आणि बघितलं, तीच बोलतेय ना. दोन वर्षांचं पोर 'जेंगे' हा शब्द आपणहून काढत नाही. कुणीतरी शिकवलेला असतो.

"परीक्षा सोडून येऊ का, एजे?"

मी काय सांगणार होते? ये म्हटलं तर बारा वर्षांनी हाताला लागलेलं पुन्हा जाणार. राहा म्हटलं तर, आणि पुढं काही झालं तर, दुसऱ्यांदा ते माझ्या तोंडून झालेलं असणार. मी म्हटलं, "दोन दिवस थांब, मला विचार करू दे." तो आठवडा मला जेवण गेलं नाही. नाझिक मोठ्या बाईसारखी मला ओरडायची, "एजे, भाकरी मोडून नुसती मांडून ठेवता आणि मग गाईला घालता!"

त्याच आठवड्यात सायकाल दह्याचं भांडं घेऊन आली. साठीची झाली होती, चालताना कुंपणाचा आधार घ्यायची. मुलांना दही वाढून झाल्यावर उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "वर लोणी आणायला गेलेला आमचा शेजारी आलाय. कान्यमबुबू रविवारी मेंढा कापतेय म्हणे. चार तंबूंतल्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलावलंय. पोराला आशीर्वाद द्यायला."

म्हाताऱ्यांनी हात पसरून आशीर्वाद दिला की ते पक्कं. मग कुणी मोडत नाही.

"बुरुलला सांगा," सायकाल म्हणाली. पंचवीसएक वर्षांत या गोष्टीवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तीच पुढं म्हणाली, "माझ्याकडे कुणी मागितलंच नाही हो, एजे. सासूबाई थट्टेत म्हणाल्या, ही माझी. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला वाटलं, उद्या सांगू. मग मेंढा कापला." तिनं रिकामं भांडं उचललं. "हे तिला सांगा. मी सांगितलं असं नका म्हणू."

त्याच रात्री मी फोनवर तिला मेंढ्याचं सांगितलं. बुरुलला सोमवारी एक पेपर होता. ती शनिवारी सकाळी निघून दुपारी गावात उतरली, रविवारी संध्याकाळपर्यंत परत जायचं ठरवून. मुलांना जवळ घेतलं, बटाट्याच्या वाफ्यांकडे न बघताच "छान केलंत" म्हणाली. शेजाऱ्याची जुनी रशियन जीप मिळाली. तो मान हलवून म्हणाला, "एजे, तुम्हीही चला, म्हणजे ही रस्त्यात दार उघडून उडी मारणार नाही." मुलांना सायकालकडे सोपवून मी गेले.

खिंडीच्या वळणांवर तिनं एकदाच तोंड उघडलं. "मीही हसले होते, एजे. सगळ्यांसमोर." तेव्हा मी तिला सायकालचे शब्द सांगितले. कुणाचे ते नाही सांगितलं. तिनं विचारलंही नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, थंडी वाजल्यासारखी. ऑगस्टमध्ये.

आम्ही पोचलो तेव्हा तंबूबाहेर मेंढा बांधलेला होता, अजून जिवंत. संजार आजीच्या घागऱ्याला धरून उभा होता. उन्हानं काळा झालेला, गाल फुटलेले, आणि दोन महिन्यांत बोटभर उंच. बुरुल गुडघ्यांवर बसली. तो मागं सरकला आणि घागऱ्यात तोंड लपवून म्हणाला, "अपा, कोण?"

कान्यमबुबू म्हणाली, "अरे, ओळखलं नाहीस? जेंगे आलीय की शहरातून!" आणि हसली. मेदेरबेकही हसला, पण बायकोचं तोंड बघून थांबला. पहिलीच्या वर्गातली ती शांतता मला अगदी जशीच्या तशी ऐकू आली.

बुरुल उठली. सासूला वाकून नमस्कार केला, आत गेली, हात धुतले आणि चहा ओतायला बसली, कारण सून आली की तिनंच चहा ओतायचा. सासूच्या वाटीत अर्धाच चहा घातला, मानाच्या माणसाला घालतात तसा. दोन्ही हातांनी पुढं केला. थोडा चहा जेवणाच्या चादरीवर सांडला.

"अपा," ती म्हणाली, "संजारला मी देणार नाही."

मेदेरबेक म्हणाला, "अगं, कोण मागतंय—"

"तू गप्प बस," त्याची आई म्हणाली. मग सुनेला, "मी कधी मागितला?"

"जूनमध्ये मागितलात. मालमोटारीपाशी. मी हसले, ते माझं चुकलं. मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं. आता म्हणते. तुम्ही त्याला वाढवा, उन्हाळाभर ठेवा, मारा, लाड करा. पण तो मला जेंगे म्हणणार नाही."

सासूपुढं असं बोललेली सून मी त्याआधी पाहिली नव्हती आणि मला वाटलं आता ती वाटी अंगावर येणार. कान्यमबुबूनं वाटी खाली ठेवली. बाहेर बांधलेला मेंढा ओरडला. मेदेरबेक टोपी काढून तिच्या आत बघत होता.

"तो गेल्यापासून," कान्यमबुबू म्हणाली, तो म्हणजे तिचा नवरा, "सकाळी उठून मला कुणी हाक मारत नव्हतं." मग ओढणीच्या टोकानं चादरीवरचा चहा टिपला. "तुझ्या आईनं असं बोलायला हवं होतं तेव्हा. आम्ही सगळ्या बघत होतो. मीही होते त्या जेवणाला. दोन वेळा मांस घेतलं."

बुरुलनं सासूची वाटी उचलून पुन्हा अर्धी भरली.

"आता मेंढ्याचं काय करू?" कान्यमबुबू एकदम चिडून म्हणाली. "चार तंबूंना सांगून बसलेय!"

रविवारी सकाळी मेंढा कापला. म्हातारे जमले, आणि कान्यमबुबूनं त्यांना सांगितलं की जेवण सुनेच्या परीक्षेसाठी आहे. म्हातारे जरा गोंधळले. त्यांतला एक जण म्हणाला, "परीक्षेसाठी मेंढा? आमच्या वेळी तर नापास झालं तरी कुणी विचारत नव्हतं!" पण मांस चांगलं शिजलं होतं. त्यांनी हात पसरले आणि बुरुलला सोमवारच्या पेपरासाठी आशीर्वाद दिला. विषय कोणता हे कळावं म्हणून एकानं मध्येच थांबून विचारलं, आणि मग "क्षार" हा शब्द घालून आशीर्वाद पुरा केला.

निघण्याआधी बुरुल अभ्यासासाठी झऱ्याचं पाणी भरायला गेली. मी बरोबर होते. संजार लांबून मागं आला, मग जरा जवळ. तिनं काचेची बाटली पाण्यात बुडवली तेव्हा बुडबुडे आले, ते बघून तो हसला आणि हात पुढं करून म्हणाला, "जेंगे, मला."

माझ्या ओठांवर आलं होतं: अरे, जेंगे नाही, अपा. मी ते गिळलं. बुरुलनं माझ्याकडे बघितलं, मग बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याचा हात धरून पाण्यात बुडवली. एक बाटली, दोन, पाच. सगळ्या बाटल्यांवर तिनं एकच तारीख आणि एकच झरा लिहिला.

आणि ती त्याला तिथंच ठेवून निघाली. जीपमध्ये बसल्यावर मी घाबरून म्हटलं, "बुरुल, अजून पंधरा दिवस आहेत. ठेवलास कसा?"

"सांगितलंय ना आता तोंडानं," ती म्हणाली. खिंड ओलांडेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते, आणि मला त्या पंधरा दिवसांत एकदाही नीट झोप लागली नाही.

सप्टेंबरमध्ये तंबू खाली आला. कान्यमबुबूनं मालमोटारीवरून संजारला खाली दिलं आणि मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "घे गं, तुझा." त्याला अपा हा शब्द बुरुलसाठी परत वापरायला नोव्हेंबर उजाडला. त्या दोन महिन्यांत तो तिला काहीच म्हणत नव्हता, नुसता ओढणीचं टोक ओढायचा. ती थांबली. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बिश्केकला गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिला पदवी मिळाली.

मी आता निवृत्त झाले आहे. संजार यंदा पहिलीत गेला. कान्यमबुबूला तो चोंग अपा म्हणतो आणि दर उन्हाळ्यात तिच्याबरोबर कुरणावर जातो. बुरुल आमच्या शाळेत दहावी-अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. दर शनिवारी ती तीन घरं पुढं जाते, सायकालचं पाणी भरते, कपडे धुऊन दोरीवर घालते आणि तिला जेंगे म्हणते.